दरज, सांधा की फट?

प्रश्न : दक्षिण स्वीडनमधल्या क्लिप्पान गावातल्या सेंट पीटर चर्चवर लेख लिहितो आहे. ल्युथरन पंथाचं हे चर्च सिगुर्द लेवेरेन्ट्स या वास्तुकाराने उतारवयात, 1963 ते 1966 या काळात उभारलं. दोन विटांमधल्या मालाच्या, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणाच्या, पट्ट्याला मराठीत काय म्हणायचं? 'सांधा' लिहून पाहिलं, पण पटत नाही.

उत्तर : दरज. स्त्रीलिंगी, अनेकवचन 'दरजा'. 'दरजा भरून झाल्या का?' असं गवंड्यांच्या तोंडी सर्रास असतं. मूळ फारसी शब्दाचा अर्थ शिवण. हिंदीतला 'दर्जी' त्यातूनच आला. प्रत या अर्थाचा 'दर्जा' मात्र अरबीतून आलेला, त्याचा इथे संबंध नाही. छापताना जोडाक्षराकडे लक्ष ठेवा, नाहीतर 'भिंतीच्या दरजा'चा 'भिंतीचा दर्जा' होईल.

या चर्चला तर दरजच हवी. एकही वीट तोडायची नाही, ही लेवेरेन्ट्सची अट होती. एरवी कोपऱ्यात माप बसेना की गवंडी थापीच्या कडेने वीट तोडून अद्धा लावतो आणि दरज बोटभर जाडीचीच राखतो. इथे विटा अख्ख्याच राहिल्या. मापातला कमी-जास्तपणा सगळा दरजांनी पोटात घेतला. म्हणून कुठे त्या एवढ्या रुंद झाल्यात की भिंतीत वीट किती आणि माल किती, असा प्रश्न पडावा. 'सांधा' म्हटलं की दोन वस्तू जुळल्या एवढंच कळतं. दरजेला स्वतःची रुंदी असते, आणि ती भरावी लागते.

आणखी एक : सहमत. पण त्याच चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या जागेला 'दरज' लिहू नका. तिथे विटांची जमीन फुगून वर आली आहे आणि मधोमध उघडली आहे. वर लोखंडी आधारावर मोठा शिंपला ठेवलाय. त्यातलं पाणी थेंबाथेंबाने त्या उघड्या जागेत पडतं. ती मोकळीच ठेवलेली आहे, म्हणून 'फट'. 'भेग'ही नको; भेग आपोआप पडते, ही मुद्दाम राखलेली आहे.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. वाक्य असं केलं आहे : 'भिंतीच्या दरजा मालाने भरल्या, जमिनीतली फट पाण्यासाठी मोकळी ठेवली.'