पहिलं सॉर्टिंग कोणतं शिकवावं? बबल, सिलेक्शन की इन्सर्शन?

बुचकळ्यात_मावशी: भाचा अकरावीला आहे, पायथनचे लूप आणि लिस्ट येतात. सुट्टीत त्याच्याकडून सॉर्टिंग, म्हणजे आकडे क्रमाने लावायचा प्रोग्राम, लिहून घ्यायचंय. मी अकाउंट्सवाली, त्याच्याबरोबरच शिकतेय. सगळीकडे बबलपासून सुरुवात दिसते, तेच करू? आणि ‘तयार सॉर्ट असताना लिहायचं कशाला’ या प्रश्नाला काय सांगू?

शून्यापासून: ताई, थेट इन्सर्शन घ्या. चार चिठ्ठ्यांवर ७, ३, ९, १ लिहा. डावीकडचा भाग कायम लागलेला ठेवायचा, पुढची चिठ्ठी उचलायची, तिच्याहून मोठ्या चिठ्ठ्या एकेक घर उजवीकडे सरकवायच्या आणि रिकाम्या जागी ती ठेवायची. ३ ७ ९ १, मग ९ जागचा हलत नाही, शेवटी १ ३ ७ ९. हे हाताने जमेपर्यंत कीबोर्डला हात लावू देऊ नका.

कोडमध्ये हमखास घोळ होतो तो आतल्या व्हाइल लूपमध्ये. ‘जागा शून्य किंवा त्याहून जास्त आहे का’ ही अट राहिली, तर जागा उणे एकवर जाते. पायथनमध्ये उणे एक म्हणजे शेवटचा घटक! त्यामुळे तिथल्या तिथे एरर येत नाही, क्रम मात्र बिघडतो.

तयार सॉर्टबद्दल सांगायचं तर पायथनमधलं सॉर्ट टिम पीटर्सने २००२मध्ये पायथनसाठी लिहिलेल्या टिमसॉर्ट या पद्धतीवर आधारलेलं आहे. त्यातही छोट्या तुकड्यांसाठी इन्सर्शनच वापरतात, फक्त जागा बायनरी सर्चने, म्हणजे दर वेळी मधला घटक बघून अर्धा भाग वगळत, शोधतात. एवढं सांगा, पोरगं गप्प बसेल.

जुना_मास्तर: इन्सर्शन चांगलंच, पण परीक्षेत बबलच्या फेऱ्या (शेजारचे दोन आकडे चुकीच्या क्रमात असतील तर त्यांची अदलाबदल करत जाणं) लिहायला सांगितल्या तर? तेही करून घ्या. एका फेरीत एकही अदलाबदल झाली नाही की थांबायचं, हे लक्षात ठेवणारा फ्लॅग (हो-नाहीची खूण) विसरू नका. सिलेक्शन (दर वेळी उरलेल्यांतला सर्वांत लहान निवडून पुढे ठेवणं) नंतर बघा.

बुचकळ्यात_मावशी: चिठ्ठ्या जमल्या! कोड बरोबर आहे हे तपासायचं कसं?

शून्यापासून: रिकामी लिस्ट, एकच घटक, सगळे सारखे, आधीच लागलेली, पूर्ण उलटी. प्रत्येक वेळी उत्तर पायथनच्या सॉर्टेड या तयार फंक्शनशी ताडून बघा. उलट्या क्रमातले १०,००० आकडे दिले तर ४,९९,९५,००० वेळा सरकवावं लागतं. ते चालू करून चहा ठेवायला जा.

आणखी एक. तुलनेत ‘पेक्षा मोठा’च ठेवा. ‘मोठा किंवा समान’ केलंत तर आकडे नीट लागतात, पण मुलांची यादी गुणांनुसार लावली तर सारखे गुण असलेल्या मुलांचा मूळ क्रम उलटतो.