बर्फाला भोक पाडून गळ टाकलेल्या बडोदेकरांनो, अनुभव सांगा

रावपुरा, बडोदे

जानेवारीच्या शेवटी आम्ही दोघं मुलाकडे कॅनडात, बॅरीला जाणार आहोत. आमचे यजमान ६८ वर्षांचे. लहानपणी ते वडिलांबरोबर मही नदीच्या काठी गळ टाकून बसायचे. पुढे नोकरीत ते सुटलं. आता मुलगा म्हणतो, "बाबा, इथे सरोवर गोठलं की लोक बर्फाला भोक पाडून मासे धरतात, तुम्हाला नेतो." तेव्हापासून हे रोज तेच व्हिडिओ बघतात. मला आनंद आहे तेवढीच धास्ती आहे. इथे पारा १० वर आला की आम्ही शाली काढतो! गरम कपडे इथल्या तिबेटी स्वेटरबाजारातून घ्यावेत की तिकडे? सामान काय लागतं? आणि बर्फ भरवशाचा आहे हे ओळखायचं कसं? स्वतः जाऊन आलेल्यांनी लिहा, चार ओळी असल्या तरी चालतील. यजमानांना वाचून दाखवणार आहे.

मूळ प्रतापनगर, आता मिनेसोटा

काकू, काठी-गळ नंतर. आधी बर्फ.

मी १४ हिवाळे मिल लॅक्स सरोवरावर जातोय. तिथे भर हिवाळ्यात बर्फावर रस्ते काढतात, गाड्या चालतात, झोपड्यांची वस्तीच उभी राहते. ते बघून नवख्याला वाटतं की गोठलं म्हणजे गोठलं. तसं नसतं. स्वच्छ, काचेसारखा, निळसर झाक असलेला बर्फ किमान ४ इंच जाड असेल तर माणसाने चालावं. स्नोमोबाइलला, म्हणजे हिमावर चालणाऱ्या छोट्या गाडीला, ५ ते ७ इंच, छोट्या मोटारीला ९ ते १०. पांढरा, दुधट बर्फ असेल तर हे आकडे दुप्पट धरा, कारण त्यात हवा असते आणि ताकद निम्मी. वर भुसभुशीत हिम साचलं असेल तर ते गोधडीचं काम करतं, खालचं पाणी गोठायला वेळ लागतो. ओढ्याचं मुख, पुलाखालची जागा, जिवंत झरे इथे तर जाऊच नये.

दुसऱ्याच वर्षी मी डिसेंबरात दुसऱ्यांच्या पावलांवर पाऊल टाकत गेलो होतो. पावलं आदल्या दिवशीची, मधे एक ऊबदार दुपार झालेली. सोबतचा मित्र मांडीपर्यंत आत गेला. काठाजवळ होतो म्हणून निभावलं. तेव्हापासून मी पहार घेतल्याशिवाय बर्फावर पाय ठेवत नाही. पुढे जोरात एक-दोन घाव घालायचे, पहार आरपार गेली की आल्या वाटेने मागे. थोडं आत गेलं की भोक पाडून पट्टीने मोजायचं, आणि पुढे पुन्हा मोजायचं. एकाच सरोवरात पन्नास पावलांवर जाडी बदलते.

दांडिया बाजारची लेक, विनिपेगची सून

कपड्यांचं मी सांगते. स्वेटरबाजारातली जाकिटं बडोद्याच्या पहाटेला ठीक आहेत. उणे २५ मध्ये वाऱ्यात बसायचं असेल तर त्यांवर पैसे घालवू नका, तिकडे मुलाबरोबर जाऊन घ्या.

काकांना आतून सुती बनियन अजिबात घालू देऊ नका. सवयीने घालतात, माझ्या बाबांनीही घातला होता. सामान ओढताना घाम येतो, सूत तो धरून ठेवतं, आणि बसलं की अंगावर ओली पट्टी ठेवल्यासारखं होतं. आतला थर लोकरीचा किंवा थर्मलचा, मधे फ्लीस, वर वारा अडवणारं. बूट एक माप मोठे, म्हणजे जाड मोज्यातही बोटं हलतात. पायाखाली रबरी चटई किंवा पाट ठेवायचा, निम्मी थंडी पायातूनच चढते. बोटं सुटी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चारी बोटं एकत्र राहतात ते ऊबदार. दोन जोड न्या, एक भिजतोच.

आणि एक गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ असते. विनिपेगच्या मॅनिटोबा विद्यापीठातले डॉ. गॉर्डन गिस्ब्रेख्त यांनी गार पाण्यात पडलेल्या माणसाचा अभ्यास केलाय. त्यांचं सूत्र १-१०-१: पहिल्या १ मिनिटात फक्त श्वास ताब्यात आणायचा, पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे असतात तेवढ्यात बाहेर निघायचं, आणि गारठून शुद्ध जायला साधारण १ तास लागतो. म्हणजे घाबरून गोंधळून जायचं कारण नाही. आल्या दिशेला वळून, पाय मारत, पोटावर सरपटत बर्फावर यायचं आणि उभं न राहता लोळत दूर जायचं.

फिनलंडहून, शिकायला आलोय

वरच्या ताईंच्या मुद्द्याला जोडून. इथे प्रत्येकाच्या गळ्यात दोन टोकदार मुठी लटकलेल्या असतात, पाण्यात पडलं तर बर्फात रोवून स्वतःला वर ओढायला. नाव नास्कालित, आणि नास्काली म्हणजे आपला टोच्या! काकांच्या गळ्यात नक्की घाला, खिशात नाही. इथे साध्या छोट्या काठीने बर्फात मासे धरायला परवानाही लागत नाही.

ब्रॅम्प्टन, मूळ रावपुराच

काकू, तुम्ही आमच्याच गल्लीतल्या निघालात तर आश्चर्य नाही. मी लेक सिमकोवर दर वर्षी जातो, बॅरी त्याच्याच काठावर आहे.

पण घरासमोर पाणी आहे म्हणून तिथेच जाऊ नका. बॅरीची केम्पनफेल्ट खाडी खूप खोल आहे आणि उशिरा गोठते. दक्षिणेकडची कुक्स बे उथळ, ती आधी गोठते आणि तिथे पर्च हा मासा भरपूर. पहिल्यांदा झोपडी भाड्याने घ्या. झोपडीवाला बर्फ रोज बघत असतो, भोकं पाडून देतो, आत शेगडी असते. ६८ व्या वर्षी काकांनी पहिल्याच दिवशी उघड्यावर बसायचं कारण नाही.

परवान्याचं लक्षात ठेवा. ६५ वर्षांवरच्या कॅनडाच्या रहिवाशांना तो विकत घ्यावा लागत नाही, पाहुण्यांना मात्र घ्यावा लागतो. एका दिवसाचाही मिळतो. बॅरी ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारियोत बर्फावर एका माणसाला दोन गळ टाकता येतात. जिवंत आमिष एका विभागातून दुसऱ्यात न्यायला बंदी आहे, म्हणून ते तिथल्याच दुकानातून घ्या.

आता सामान. मी पहिल्या वर्षी ८ इंची हाताचं गिरमिट घेतलं आणि तिसऱ्या भोकाला खांदे गेले. ६ इंचीपेक्षा ८ इंची भोकात जवळपास पावणेदोनपट बर्फ कापावा लागतो. पर्चला ६ इंची पुरतं, ट्राउटसाठी ८ घ्या. पात्याला झाकण घालूनच न्यायचं. भोकातला चुरा काढायला झारा, हुबेहूब आपल्या भज्यांचा, फक्त दांडा लांब. काठी २४ ते २८ इंचांची हलकी, दोरी ४ ते ६ पौंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारी. पाण्याखालचे मासे दाखवणारं सोनार यंत्र पहिल्या वर्षी नको.

मासे बहुधा तळाशी सापडतात. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड, म्हणून गोठलेल्या सरोवरात तळ वरपेक्षा ऊबदार. गारठ्यात मासा मंद असतो, पाठलाग करत नाही. म्हणून छोटा गळ, त्यावर एखादी अळी, तळापासून वीतभर वर, आणि हात जवळजवळ स्थिर. महीच्या काठी बसलेल्या माणसाला हे शिकवावं लागणार नाही.

कॅल्गरी

एकच सांगतो. तंबूत गॅसची शेगडी लावून आम्ही सगळ्या चेनी बंद केल्या होत्या. तासाभरात तिघांचं डोकं दुखू लागलं, एकाला उलटी झाली. बाहेर पडलो म्हणून वाचलो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वर-खाली दोन्ही झरोके उघडे ठेवा, धोक्याची घंटा देणारं यंत्र सोबत न्या.

सोल, दक्षिण कोरिया

इथे ह्वाचॉनला २००३ पासून जानेवारीत उत्सव भरतो. गोठलेल्या ओढ्यावर भोकं तयार असतात, धरलेला सान्चॉनओ (ट्राउटच्या जातीचा मासा) तिथेच भाजून देतात. माझ्या आईने आयुष्यातला पहिला मासा तिथे धरला. नवख्यांसाठी सोपं.

रावपुरा, सध्या बॅरी

सगळ्यांना मनापासून आशीर्वाद. परवा कुक्स बेवर गेलो. मोजला तेव्हा बर्फ १३ इंच होता, तरी यजमानांनी वाटभर स्वतः पहार मारली. गळ्यात टोचे, आत लोकर. दीड तास काही नाही. मुलगा जागा बदलू म्हणाला, हे हलले नाहीत. मग काठीचं टोक जरासं थरथरलं. रीळ गोठलं होतं, म्हणून ह्यांनी काठी बाजूला ठेवली आणि दोरी हातानेच, एका हाताने ओढत दुसऱ्याने सावरत वर घेतली. पिवळ्या अंगावर काळसर पट्टे असलेला, हाताएवढा पर्च! संध्याकाळपर्यंत सात झाले.

घरी हळद, तिखट, मीठ आणि मी बडोद्याहून आणलेलं आगळ लावून, तांदळाच्या पिठात घोळून तळले. काटा कमी, चव गोडसर. नातवाने चार तुकडे खाल्ले.

शनिवारी परत जातोय, आणि एक भोक माझ्यासाठी मागितलंय. ब्रॅम्प्टनच्या दादा, मला २४ इंची काठी हाताला बरी पडेल ना?