बँडमधला सॅक्सवाला जॅझकडं वळू शकतो का?

परभणीचा अल्टो:
राम राम मंडळी. वडलांचा बँड हाय, मी दहावीपासून वरातीत अल्टो सॅक्सोफोन, म्हणजे आपला सॅक्स, वाजवतो. तुळशीचं लग्न लागलं की दम खायला फुरसत नसते अन् आषाढीनंतर गणपती सोडले तर नुसतं बसून. तसंच बसल्या बसल्या मोबाईलवर रुद्रेश महंतप्पा ऐकला, डोकंच फिरलं राव, नाव शेजारच्या कर्नाटकातलं आणि वाजवतोय जॅझ, ते पण स्वतःच्या रचना, वर युनिव्हर्सिटीत शिकवतो म्हणे. असं करियर होतं तरी कसं? घरचे म्हणायलेत, गप नागीण वाजव.

संभाजीनगरकर:
मूळ कर्नाटकातलं, पण जन्म इटलीतला, १९७१ चा, आणि वाढला अमेरिकेत कोलोरॅडोला. बर्कलीच्या म्युझिक कॉलेजात शिकला, मग शिकागोला मास्टर्स, १९९७ ला न्यूयॉर्क गाठलं. कॉलेजात असताना थोरल्या भावानं गंमत म्हणून कद्री गोपालनाथांचा अल्बम हातात ठेवला, सॅक्सवर कर्नाटक संगीत! चेष्टेची भेट होती पण गडी अडकला त्यात, आणि २००८ ला त्याच गोपालनाथांना बरोबर घेऊन 'किन्समेन' हा अल्बम केला. २०१६ पासून प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीत जॅझचा डायरेक्टर. मला विचारशील तर न्यूयॉर्कपेक्षा ती भेटच मोठी.

लातूरचा पाहुणा:
वडील फिजिक्सचे प्रोफेसर होते त्याचे, हे पण सांगा की. आपल्याकडं सॅक्सच्या तोंडाला लावायच्या रीडचं पाकीट घ्यायचं तर दोन वराती कराव्या लागतात. करियर म्हणे.

पेटीमास्तर, जालना:
पाहुणे, पोराला खचवू नका. आर. डी. बर्मनकडं सॅक्स वाजवणारे मनोहारी सिंग कुठून आले? बाटा कंपनीच्या ब्रास बँडमधून. गोपालनाथांनी तर सॅक्स पहिल्यांदा पाहिला तोच म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये, घरात सनईसारखं नागस्वरम वाजायचं त्यांच्या.
अल्टोभाऊ, तुला नोटेशन वाचता येतं का ते सांग आधी. येत नसेल तर हा पावसाळा त्यालाच दे, कारण जॅझ म्हणजे नुसतं मनाला येईल ते वाजवणं नाही, खाली कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सूर, सरकत असतात आणि त्या माहीत असल्याशिवाय वरचं सगळं हवेत. जॅझमधला मोठा अल्टोवाला चार्ली पार्कर, त्याचा एक सोलो घे, स्पीड अर्धा कर, दोन-दोन मात्रा कानानं उतरव. आणि एक, तुझा अल्टो ई फ्लॅटचा आहे. तू सी वाजवलास की पेटीवर काळी दोन ऐकू येते. पेटीच्या पांढरी एकशी जुळवायचं तर तुला ए धरावा लागेल. रचना करायची म्हणतोस तर हे बोटांत नाही, डोक्यात पाहिजे.

परभणीचा अल्टो:
मास्तर, नोटेशन येत नाही, सगळं ऐकून बसवलंय. ते काळी दोनचं आत्ताच बाबाला विचारलं. बाबा म्हणले, मंग, आपला कॅसिओवाला रोज काळी दोन धरून बसतो ते काय हौस म्हणून का?