वाणाची खोकी – बिट्टूपाजी – तातडीचे

वैशाली (सचिव), १३ जानेवारी २०२२, संध्या. ७:१०
मंडळी, खोकी अजून डेट्रॉइटलाच. कॅनडियन ट्रक ड्रायव्हरांना लसीच्या नियमातून सूट, ही काल रात्रीची बातमी वाचून मी आपल्या ट्रकवाल्या पाजींना "घेऊन या" म्हणून कळवलं. आज सरकार म्हणतंय की बॉर्डर एजन्सीकडून चुकून तसं सांगितलं गेलं, कॅनडियन ड्रायव्हरांना सूट नाहीच. म्हणजे परवापासून लस अपुरी असेल तर परतल्यावर १४ दिवस घरात. पाजींचा दुसरा डोस ४ तारखेचा, ते येणार १७ ला. चालेल का? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच उत्तर द्या, कृपया.

शुभदाकाकू, रात्री ८:०२
वाट्यांचं एक वेळ राहू दे, हलव्याचे दागिने आहेत त्यात. चार बाळांची बोरन्हाणं खोळंबली आहेत. त्या खोक्यावर दुसरं काही ठेवू नका म्हणावं. दागिने मी घरी करते असं नोव्हेंबरातच म्हटलं होतं, पण न्यू जर्सीहूनच मागवायचे ठरले. असो.

मिलिंद, रात्री ८:४०
१७ ला चालणार नाही. दुसऱ्या डोसनंतर पुरते १४ दिवस जावे लागतात. १९ उजाडेल.

अण्णा, रात्री ८:५५
चार अधिक चौदा अठरा. एकोणीस कुठून आणलेस?

मिलिंद, रात्री ९:०३
डोसचा दिवस धरत नाहीत, अण्णा. सरकारी पानावर उदाहरणच आहे: डोस १ जुलैला, तर १६ जुलै हा पहिला चालणारा दिवस. आमच्या ऑफिसात गेला आठवडाभर हेच चाललंय, ड्रायव्हरगणिक बोटं मोजणं.

अण्णा, रात्री ९:२०
सुतकात पहिला दिवस धरतात.

शुभदाकाकू, रात्री ९:२४
अण्णा, उद्या संक्रांत आहे हो! विषय कसला काढता!

निखिल, रात्री १०:४८
मी लिस्टवर नवीन आहे, चुकलं तर सांगा. मार्च २०२० मध्ये सीमा आपल्यासाठी बंद झाली तेव्हा हेच ट्रकवाले जा-ये करत होते. दोन वर्षं सूट दिली आणि आता एकदम हा नियम. केबिनमध्ये एकटा बसलेला माणूस कोणाला काय देणार?

प्रसाद, रात्री ११:१५
निखिल, केबिनमध्ये एकटा, पण माल चढवताना-उतरवताना नाही. बाकी पहिल्या लाटेतले हाल पाजींकडून ऐकलेत. हॉटेलं बंद, ड्राइव्ह-थ्रूमध्ये ट्रक शिरत नाही आणि खिडकीशी पायी गेलं तर देत नाहीत. एकदा एका गाडीवाल्याला पैसे देऊन त्यांनी कॉफी मागवली होती. आणि हो, पाजी लसविरोधी वगैरे नाहीत. अपॉइंटमेंट मिळाली की नेमके ओहायोत, म्हणून दुसरा डोस राहिला. ते माझे शेजारी आहेत, तेव्हा यापुढे निरोप माझ्यामार्फत द्यावेत. तीन-तीन जणांचे फोन जातायत त्यांना.

वैशाली, १४ जानेवारी, सकाळी ७:३०
तीन नाही, दोन. मी आणि शुभदाकाकू. संक्रांतीच्या शुभेच्छा. १७ चं रद्द. पण मग पुढचं काय? २२ पासून अमेरिकेतही लस लागणार म्हणे.

मिलिंद, सकाळी ९:११
पाजी तोवर दोन्हीकडे चालतील, तिकडची काळजी नको. आणखी एक. "खोकी टाका ट्रकमध्ये" असं होत नाही. कमर्शियल ट्रकमधला माल मॅनिफेस्टवर, म्हणजे मालाच्या यादीत, लागतो, आणि ट्रक सीमेवर पोचण्याच्या किमान एक तास आधी ती यादी बॉर्डर एजन्सीकडे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने गेलेली असावी लागते. हे मी २०१९ ला गणपतीच्या मखराच्या वेळीही लिहिलं होतं.

अण्णा, सकाळी ९:४०
मखर माझ्या गाडीतून आले होते.

वैशाली, सकाळी ९:५२
मग अण्णा, या वेळीही गाडीने?

अण्णा, सकाळी १०:०५
दोन्ही डोस आणि वर बूस्टर घेऊनही परत येताना पीसीआर मागतात, तोही ७२ तासांच्या आतला. डिसेंबरपर्यंत छोट्या फेरीला सूट होती, तीही काढली. टेस्ट खोक्यांपेक्षा महाग पडेल. नाही.

शुभदाकाकू, सकाळी १०:३०
रथसप्तमीपर्यंत आली तरी चालेल. यंदा ७ फेब्रुवारीला आहे. घरात पाचाच्या वर माणसं नकोत म्हणतात, तेव्हा हळदीकुंकू तसंही होणार नाही. दारात वाण ठेवून बेल वाजवायची आणि मागे सरायचं.

प्रसाद, ८ फेब्रुवारी, सकाळी ६:५०
पाजींना अखेर काल डेट्रॉइटचा लोड मिळाला, खोकी उचलली (मॅनिफेस्टसह, मिलिंद). आणि काल संध्याकाळी लसीच्या नियमाविरुद्ध निदर्शनं करणाऱ्या त्या ट्रकवाल्यांनी कॅनडाकडच्या विंडसरच्या बाजूने डेट्रॉइटचा अॅम्बॅसेडर ब्रिज अडवला. पाजी आता पोर्ट ह्युरॉनकडे निघालेत, ब्लू वॉटर ब्रिजने येतील. सगळे ट्रक तिकडेच वळलेत, रांग हलत नाही.

निखिल, सकाळी ७:२०
निदर्शकांच्या मागण्या नेमक्या काय आहेत हेही कोणीतरी

वैशाली, सकाळी ७:२२
निखिल, तो वेगळा धागा काढा. प्लीज.

अण्णा, सकाळी ७:४५
अर्धवटच गेली मेल त्याची.

शुभदाकाकू, सकाळी ८:१०
रथसप्तमी काल झाली. आता येणाऱ्या शनिवारी उरकून घेऊ, बाळांना काय कळतंय. दागिन्यांचं खोकं वर आहे ना पण?

प्रसाद, सकाळी ८:३१
विचारलं. शेजारच्या सीटवर ठेवलंय, पट्टा लावून.

मिलिंद, सकाळी ८:३४
सीटवर? मॅनिफेस्टमध्ये किती नग दाखवलेत?