जुनं शेत स्वयंसेवकांच्या बळावर जिवंत संग्रहालय म्हणून चालेल का?

धागाकर्ती:
पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याने कसलेलं शेत. घर, गोठा, अवजारं सगळं जागेवर. पुढच्या पिढीत कसणारं कुणी नाही. अशा शेताचे तुकडे पाडून विकण्यापेक्षा स्वयंसेवकांनी तिथे जुन्या पद्धतीची शेती चालू ठेवावी आणि लोकांनी ती पाहावी, असं माझं ठाम मत आहे. १८९१ मध्ये आर्टुर हाझेलियस यांनी स्वीडनमधल्या स्टॉकहोमला 'स्कान्सेन' हे उघड्यावरचं संग्रहालय उभं केलं, तेव्हा ठिकठिकाणची घरं उचलून आणावी लागली होती. इथे तर विहिरीपासून गोठ्यापर्यंतची पायवाटसुद्धा शाबूत असते.

प्रतिसाद १:
असहमत. अशा एका शेतावर मी सहा वर्षं स्वयंसेवक होतो. पहिल्या वर्षी पहाटेच्या पाळीला चौदा जण होते, शेवटी उरलो तिघं, तिघेही साठीपुढचे. एकदा संध्याकाळची धार काढायला कुणीच फिरकलं नाही. सकाळी पाहतो तर गाईची कास दगडासारखी टणक, हात लावू देईना. हौसेपायी मुक्या जनावराचे हाल का?

प्रतिसाद २:
मला वस्तूंची काळजी वाटते. अंगठा टेकून टेकून खोलगट झालेली विळ्याची मूठ पाहुण्यांच्या हाती दिली तर किती हंगाम टिकेल? वापरायला सुताराकडून नवी करून घ्या, मूळची जपून ठेवा.

धागाकर्ती:
मुठीचं पटलं. कासेचं वाचून फार वाईट वाटलं. जनावरं ठेवायची तर एक पगारी माणूस हवाच, हेही मान्य. पण विळ्याला धार लावणं कपाटातल्या विळ्याकडे बघून येत नाही. दगडावर पातं किती तिरपं धरायचं हे जाणत्याशेजारी बसूनच कळतं, आणि ती जाणती माणसं आता थकली आहेत.

प्रतिसाद ३:
काळ कोणता दाखवणार? अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 'लिव्हिंग हिस्टरी फार्म्स' या संग्रहालयाने १७००, १८५० आणि १९०० ची शेतं वेगवेगळी मांडली आहेत. एका घराण्याच्या शेतात नांगराशेजारी ट्रॅक्टरही असतो. तो लपवू नका. आणि घराण्याच्या फोटोत नसलेले मजूर? निम्मं शेत त्यांनीच कसलेलं असतं. त्यांची नावं जुन्या हिशेबाच्या वह्यांत सापडली, तर ती आधी लावा.

प्रतिसाद १:
मजुरांबद्दल शंभर टक्के सहमत. वारसांनी दोन वर्षांचा चारा आणि पगार आधी बाजूला काढला, तर पहाटेची पाळी मी पुन्हा घेईन. तेवढं जमत नसेल तर नुसतं पीक घ्या, गाय ठेवू नका.