पऱ्हाटी जाळायची की मातीत मुरवायची?

काटोलची काळी
कापूस निघाला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटायची, धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) ढीग लावायचा अन् पेटवायचा. काटोल-कळमेश्वर भागात हेच चालू आहे आणि ते थांबलंच पाहिजे. जाळल्यावर कर्ब आणि नत्र जवळजवळ सगळं उडून जातं. राखेतला पालाश मिळतो तोही ढिगाच्या जागेपुरता. सोयाबीनचं कुटार ढोरं खातात, तुराट्या चुलीत जातात. मग मातीला द्यायला उरतं काय? ऑगस्टमध्ये पावसानं दडी मारली की सेंद्रिय कर्ब असलेलं शेतच ओल धरतं. श्रेडरनं (ट्रॅक्टरवर चालणाऱ्या यंत्रानं) बारीक कुट्टी करा, शेतातच टाका.

सावनेरकर
भाऊ, 2017 ची गुलाबी बोंडअळी विसरले काय? न फुटलेल्या किडक्या बोंडांत ती झोपून राहते. ती बोंडं शेतातच पसरवायची? माझ्या मते जाळणंच बरं. अन् श्रेडर येतो ट्रॅक्टरवाल्याच्या सवडीनं, भाडं वेगळं.

काटोलची काळी
अळीची भीती खरी आहे, दादा. म्हणूनच फरदड (वेचणीनंतर तेच पीक पुढे राखून घेतलेला कापूस) घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत शेत मोकळं करा, हे आपल्याच नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सांगते. पण लोक ढीग मेपर्यंत धुऱ्यावर ठेवतात, अळी त्यातच सुखात. वेळेवर बारीक कुट्टी केली तर बोंडंही चिरडली जातात. किडकी बोंडं आधी वेचून तेवढीच जाळा, माझी हरकत नाही.

माती आधी
मेमध्ये कुट्टी गाडायचा सल्ला मात्र कोणी देऊ नका. पऱ्हाटीत कर्ब फार, नत्र तोकडं. कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र उचलतात आणि जूनमधलं कोवळं पीक पिवळं पडतं. शिवाय 45 अंशांच्या उन्हात, ओल नसताना कुजणार कसं? शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण) अन् थोडा युरिया टाकून खड्ड्यात कुजवा, नीट कुजलेलं खतच शेतात न्या.

सावनेरकर
खड्ड्याला पाणी लागते. आमची जमीन कोरडवाहू, जानेवारीत प्यायच्या पाण्याची चिंता. आणि घरी अजून चूल आहे, पऱ्हाटी हेच सरपण. सगळी मातीत घातली तर बाई स्वयंपाक कशावर करणार?

काटोलची काळी
चुलीपुरती ठेवाच, त्याला कोण नाही म्हणतं? धुऱ्यावर फुकट जळते तिच्याबद्दल बोलतोय. पाणी नसेल तर खड्डा आत्ता भरून ठेवा, मृगाच्या पावसात शेणकाला सोडा, खत पुढच्या हंगामाला वापरा. अन् श्रेडर चार-पाच जणांनी मिळून एकाच आठवड्यात बोलवा, भाडं वाटून घ्या.

सावनेरकर
भाडं वाटून घेणं जमेल. पण किडकी बोंडं वेचायला मजूर कुठून आणायचे, ते सांगा.