'फ्री स्टेट'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा : अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात पानोपानी 'स्लेव्ह स्टेट' (जिथं गुलामगिरी कायदेशीर होती ते राज्य) आणि 'फ्री स्टेट' (जिथं तिला मनाई होती ते) येतं. पहिल्यासाठी 'गुलामगिरीचं राज्य' जमून गेलं. दुसऱ्याला 'स्वतंत्र राज्य' लिहिलं, तर खर्डा वाचून बाबांनी विचारलं, "कॅन्सस अमेरिकेतून फुटून निघालं होतं का?" मग 'मुक्त राज्य' लिहू का?

प्रतिसाद : बाबांची शंका रास्त आहे. पण 'मुक्त राज्य'ही फसवं आहे. तिथं पाय ठेवला की माणूस मुक्त, असा अर्थ त्यातून निघतो आणि तसं मुळीच नव्हतं. १८५० च्या कायद्यानं पळून आलेल्या गुलामाला अशा राज्यातूनही धरून मालकाच्या हवाली करता येत होतं. ड्रेड स्कॉट हे गुलाम मालकासोबत इलिनॉय या 'फ्री' राज्यात राहिले होते. त्या मुक्कामाच्या आधारावर त्यांनी १८४६ मध्ये मिझुरीत स्वातंत्र्यासाठी दावा लावला. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल विरुद्ध दिला, वर कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिकच होऊ शकत नाही असंही म्हटलं. ओरेगॉन तर १८५९ मध्ये 'फ्री' राज्य म्हणून अमेरिकेच्या संघात आलं, तेव्हा त्याच्या घटनेतच कृष्णवर्णीयांनी तिथं येऊन राहू नये असं कलम होतं! तेव्हा 'फ्री' हे तिथल्या कायद्याचं विशेषण आहे, माणसांचं नव्हे.

प्रतिसाद : 'तंटामुक्त गाव'सारखं 'गुलामगिरीमुक्त राज्य' कसं वाटतं? आणि 'दासप्रथा' नको. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांनाच. तो शब्द या विषयाला आपल्याकडे तेव्हापासून चिकटलेला आहे.

प्रतिसाद : गुलामगिरी हा शब्द मान्य. 'मुक्त'ला मात्र माझी हरकत आहे. तंटामुक्त म्हणजे तंटे होते, ते मिटले. इथं सांगायचं आहे ते एवढंच की कायद्यानं मनाई आहे. आपण वर्धा, गडचिरोलीला 'दारूबंदी जिल्हा' म्हणतो. तो शब्द मनाई सांगतो, जिल्ह्यातल्या माणसांबद्दल काहीच सांगत नाही. त्याच चालीवर 'गुलामगिरीबंदीचं राज्य' म्हणा.

विचारणारी : हे पटलं. "२९ जानेवारी १८६१ रोजी कॅन्सस गुलामगिरीबंदीचं राज्य म्हणून संघात दाखल झालं," असं लिहून बाबांना वाचून दाखवलं. लगेच पुढचा प्रश्न आला : "म्हणजे आधी तिथं बंदी नव्हती?"

प्रतिसाद : होती! उत्तर आणि दक्षिणेतल्या १८२० च्या तडजोडीनं लुईझियाना खरेदीतल्या (अमेरिकेनं फ्रान्सकडून विकत घेतलेल्या) मुलखात ३६ अंश ३० मिनिटांच्या अक्षांशाच्या उत्तरेला, एक मिझुरी सोडून, गुलामगिरीला मनाई होती. कॅन्सस त्यातच येतं. ती उठली रेल्वेपायी. इलिनॉयचे सिनेटर स्टीफन डग्लस यांना शिकागोहून पश्चिमेकडे लोहमार्ग हवा होता. त्यासाठी मधल्या मुलखात आधी शासनव्यवस्था बसवायला हवी होती आणि त्याला गुलामगिरी असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांची मतं लागत होती. म्हणून १८५४ च्या कायद्यात जुनी बंदी रद्द झाली. गुलामगिरी ठेवायची की नाही हे तिथल्या रहिवाशांवर सोडलं गेलं आणि दोन्ही बाजूंच्या लोकांच्या झगड्यात कॅन्ससमध्ये रक्त सांडलं. लोहमार्गाचा कायदा झाला तो थेट १८६२ मध्ये, दक्षिणेचे प्रतिनिधी संघातून निघून गेल्यावर.

याच भागात तुम्हाला 'टेरिटरी' भेटेल. तिला 'केंद्रशासित प्रदेश' म्हणू नका, डोळ्यांपुढे दमण-दीव येतं. 'राज्याचा दर्जा न मिळालेला मुलूख' असं एकदा लिहा आणि पुढे नुसतं 'मुलूख' चालवा.